वरच्या वाडीतलं धुराडं

चूल धुमसते म्हणून मला बोलावणं येतं, त्यात नवल काही नाही. शाळेची पायरी मी चढले नाही, पण धूर कुठून जातो नि कुठे अडतो, हे मला कुणा इंजिनिअरने शिकवायला नको. कार्तिकात अलोऱ्याच्या वरच्या वाडीतून चिमाचा निरोप आला. मी कळवलं, चूल थंड ठेव, उद्या येते.

चिमाचा नवरा विनीत मुंबईला. सासू सगुणा श्रावणात गेली आणि तिच्या तेराव्याच्या आत चिमा बाळंत झाली. घरात ती आणि तीन महिन्यांचा समर्थ, एवढीच माणसं. पोराची छाती एकदा भरली होती. डॉक्टरने बजावलं होतं, पुन्हा धूर लागला तर मूल हाती लागायचं नाही.

"मग गॅसवर कर की सगळं!"

"सिलिंडर कुठे मिळतोय, काकी? आणि बाळाच्या न्हाणाला, शेकाला चूल लागतेच. काल सकाळपासून पेटवली नाय हां."

मी उदबत्ती लावून चुलीच्या तोंडाशी धरली. माझी ही जुनी रीत. धुराडं ठीक असेल तर धूर आत ओढला जातो. इथे तो बाहेर आला. येऊ दे म्हटलं, खिडकी उघडी आहे, जाईल. पण तो खिडकीकडे गेलाच नाही. जमिनीसरसा सरकत झोळीपाशी पोचला, वर चढला आणि पोरावर वाकल्यासारखा थांबला. पोर खोकायला लागलं.

"रोज असंच..." चिमा हळूच म्हणाली. "झोळी ओटीवर बांधली, तरी तिथे येतो."

मागच्या पडवीत आंब्याची फाटी रचलेली होती.

"हा आंबा कधी तोडलात?"

तिने मान खाली घातली. "आईंच्या सरणाला तोडला होता. उरलेली फाटी टाकून कशी द्यायची... मी घरी आणायला लावली."

सरणाचं उरलेलं लाकूड आमच्याकडे कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही.

"ओली फाटी आहे, धूर होणारच!" मी ओरडले. हळू बोलले असते तर आवाज कापला असता.

आम्ही दोघींनी ती फाटी ओढत कुंपणाबाहेर नेऊन टाकली. चिमाने दाराला बाहेरून कडी घातली, शिडी धरली आणि मी कौलांवर चढले. सत्तरी उलटली तरी शिडी मीच चढते. दोष लगेच सापडला. पाइपाचं तोंड आढ्याच्या खाली हातभर होतं. आढ्यावरून येणारा वारा धूर परत आत दाबत होता. साधी गोष्ट. मला बरं वाटलं. दोरीला नारळाचं सोडण बांधून मी काजळी खरवडली आणि वर पत्र्याचा तीन फुटी नळ चढवला.

नळ बसवताना खालून पोराचं खोकणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. मग पाइपातून आवाज आला. चक्... चक्... चक्... तान्ह्या पोराला खेळवताना जीभ वाजवतात ना, तसा.

मी खाली पाहिलं. चिमा दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती.

उतरून आत गेले. उदबत्ती धरली. धूर सरळ चुलीत शिरला, एक रेघ बाहेर आली नाही. समर्थ जागा होता. श्वास मोकळा, छातीत घरघर नाही. आढ्याकडे बघून हसत होता.

"काकी," चिमा झोळीवर वाकली, "ही तीट तुम्ही लावलीत?"

"मी तुझ्यासमोर आत्ता आले ना आत?"

पोराच्या हनुवटीवर काजळीचा ठिपका होता. चांगला अंगठ्याएवढा.

"हनुवटीवर..." चिमा म्हणाली. "आई नणंदेच्या पोरांना अशीच लावायच्या. माझ्या पोराला बघायच्या आधीच गेल्या."

तिने पदर ओला केला. मी तिचा हात धरला.

"पुसू नकोस."

का म्हणाले, मला आजही सांगता येत नाही. मी फक्त त्या ठिपक्याला बोट लावून पाहिलं होतं. चूल कालपासून थंड होती, आणि ती काजळी गरम होती.