अखिल नावाचा मार्ग

युरोपा चंद्रावरच्या हिमखाणीत पहारेयंत्रांनी सकाळच्या न्याहारीला तीन संपकऱ्यांचे हात खांद्यापासून उपटले आणि बाकीच्यांना कोठड्यांत कोंबलं, तेव्हा सेनाप्रमुख इंगवल्यांना एकच खंत वाटली: यंत्रांना पाती होती, पण मुंडकं उडवण्याची आज्ञा नव्हती. त्यांनी यंत्रांच्या आज्ञांचे मार्ग आखणाऱ्या वसुधा केळुसकरला नियंत्रणकक्षात बोलावलं.

"नवी कृती घाला. शिरच्छेद. पहिला मान संपाच्या पुढाऱ्याला. तुमच्या भावाला."

वसुधेने आवाज कोरडा ठेवला. "साहेब, आज्ञेचा मार्ग तीन पावलांचा. आधी यादी, मग नाव, मग कृती. यंत्र मार्गसूची वरून खाली वाचतं. पहिला जुळेल तो मार्ग धरतं, पुढचं वाचतच नाही."

"आमच्या उपप्रमुखांसारखं!"

उपप्रमुख दाभाडे अदबीने हसले.

"सूचीत सगळ्यात वर अख्ख्या यादीचा मार्ग आहे, कुठल्याही कृतीसाठी. तिथे मी 'सर्व' लिहिलं होतं. परिभाषा समितीला ते बाजारी वाटलं. त्यांनी 'अखिल' केलं."

"मग?"

"माझ्या भावाचं नाव अखिल."

इंगवले खदाखदा हसले. "भाऊ वाचवायला व्याकरण काढलंत होय! लिहा: वसाहतवासी, अखिल, शिरच्छेद."

"वसाहतवासींत आपणही येतो, साहेब. यादी हुद्द्याप्रमाणे आहे. तुम्ही पहिले."

"लिहा म्हणतो ना!"

दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगणं म्हणजे वरिष्ठांचा अपमान. तिने नवी कृती घातली आणि आज्ञा लिहिली.

दारातलं यंत्र वळलं. इंगवले "अरे, मी" एवढंच म्हणाले. डोकं टेबलाखाली घरंगळत गेलं. धड काही क्षण रुबाबात उभं राहिलं. रक्त छतापर्यंत उडालं. यंत्राने पातं पुसलं आणि ते दाभाड्यांकडे निघालं.

"थांबवा हो बाई!" दाभाडे कपाटावर चढले.

"नवी आज्ञा दिली की जुनी सुटते. पण आज्ञा प्रमुखांनी द्यायची असते."

दाभाड्यांनी टेबलाखाली पाहिलं. त्यांची बढती झाली होती. "मीच प्रमुख! तुमच्या भावाला सोडा!"

"वसाहतवासी, अखिल, मुक्तता. असंच लिहू?"

"शब्दशः!"

पातं त्यांच्या मानेपासून वीतभर अंतरावर थांबलं. त्याच क्षणी खाली दोनशे बारा कोठड्यांची दारं एकदम उघडली. सुटलेल्या संपकऱ्यांच्या वाटेत बर्फ कोरायच्या छिद्रणयंत्रांची खोली होती. एकेक छिद्रणयंत्र त्यांच्या हातांत घरघरू लागलं. जिन्यावर सैनिकांच्या किंकाळ्या उठल्या आणि मधूनच तुटू लागल्या.

"अहो, मी एकट्याला सोडा म्हटलं होतं!" दाभाडे ओरडले.

"मीही साहेबांना तेच समजावत होते," वसुधा म्हणाली आणि दाराची कडी काढायला उठली.