दिसत नाय, पण जातंय

बसा साहेब. तुमच्या सोसायटीच्या पूजेला दोन स्पीकर, एक माईक. लिहून घेतलं, काळजी सोडा. चहा येतोय. तोवर त्या कोपऱ्यातल्या कम्प्युटरच्या डबड्याची गोष्ट ऐका. गळ्यात कंपनीचा पट्टा हाय म्हंजे तुमी कम्प्युटरवाले. तुमाला हसू येईल. हसा खुशाल, मी पण आधी हसलोच.

मी काशीराम. गाव उलव्याच्या बाजूचं. चौथीनंतर बापाच्या मागं मिठागरात. मिठागरं गेली तवा पनवेलला हे मांडव-साऊंडचं दुकान टाकलं. मशीनीला मी भीत नाय. अंप्लिफायर जळला तर काय गेलंय ते मी वासावरनं सांगतो. त्याला इज्जत असते हो. बटन फिरवलं की आवाज वाढतो. हे डबडं म्हंजे सरकारी खिडकीतला माणूस. तुमी बोलत राहा, तो बघणार पण नाय.

माज्या बायकोचं नाव वेणू, ती धवलारीण. आमच्या आगरी लग्नात ती लागतेच. ती धवले गाते, गाण्यात नवऱ्याचं, नवरीचं, नवरीच्या बापाचं नाव गुंफते. हात कायम हळदीनं पिवळे. गावभरच्या बापांची नावं तिनं गायली, माजं नाय. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या डोक्यात पक्कं. मला नुसतं "अवो". थोरलीच्या लग्नात माजं नाव यायचं तिथं "नवरीचा बाप" बोलून पुढं गेली. बाया हसल्या. ही नाय हसली.

माजा भाचा हृतिक, पुण्याला कम्प्युटरमधे. त्यानं हे जुनं डबडं आणलं, त्यात कसली तरी फुकटची सिस्टीम घातली आणि मामीचे धवले भरले. कुलूप मामीनं घातलं. त्यानं तिला इंग्रजी अक्षरं शिकवली होती. "पासवर्ड टाकताना मला तोंड फिरवायला लावलं तिनं," बोलला.

दोन वर्षं झाली तिला जाऊन.

या वर्षी धाकटीचं, स्नेहलचं लग्न. हळदीच्या दिवशी सकाळी पोरगी हटून बसली. "बाबा, आईचा आवाज नसेल तर मी पाटावर बसणार नाय." नवऱ्याकडचे चारला येणार. मी अकराला दुकान उघडलं, डबडं चालू केलं, हृतिकला फोन लावला. त्यानं काय काय टाइप करायला लावलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. खाली लिहून आलं, पासवर्ड.

मी टाकला 'एकवीरा'. एक बोटानं, एकेक अक्षर शोधत. पडद्यावर काय नाय. ठिपका नाय, फुली नाय. प्रत्येक बटन तीनतीनदा दाबलं.

"अरे, तुजा कीबोर्ड मेलाय!"

"नाय रे मामा. असंच असतं. दिसत नाय, पण जातंय."

"दिसत नाय पण जातंय! हा काय देव हाय काय?"

"कोणी मागनं बघू नये म्हणून. एकेकदाच दाब."

मागनं बघायला होतं कोण? मी आणि वायरींचा ढीग. साधं कडीचं कुलूप पण खटका देतं राव. परत 'एकवीरा'. चूक. 'स्नेहल'. चूक. तीनदा झालं की हाकलून देतं, परत पयल्यापासनं. थोरलीचं नाव टाकलं, गावाचं टाकलं, म्हशीचं पण टाकलं. हृतिकवर माजा भरवसा नाय, म्हणून शेजारच्या दुकानातनं नवा कीबोर्ड आणला. खोका मी फोडला, प्लास्टिक मी दातानं फाडलं. त्यानं पण तेच, काळं तोंड.

रागानं बाहेर आलो. या इथं उंबऱ्यावर बसून चहा पिला. दुकानाला दुसरं दार नाय, बघा तुमी. माज्या पाठीवरनं कोणी आत गेलं नाय.

परत जाऊन बसलो तर कीबोर्ड पिवळा.

सगळा नाय. सात बटनं. बोट लावलं, ओली हळद. घरी हळद होती, तिकडं उलव्याला. इथं नटबोल्ट आणि धूळ.

मला वाटलं कोणीतरी थट्टा करतोय. हृतिकला फोन लावून शिवी घातली, मंग अक्षरं वाचली. "ए, एस, एच, के... आय, आर, एम. ए वर जाड हाय, दोनदा दाबल्यासारखी."

त्यानं तिकडं अक्षरं जुळवली.

"मामा, यातून तुजं नाव होतं."

चाळीस वर्षं जे तोंडातनं काढलं नाय, ते तिनं इथं ठेवलं होतं. जिथं कोणाला दिसत नाय. मला सुचलंच नसतं.

टाकलं. आठ अक्षरं. पडद्यावर काय नाय, पण उघडलं. पेनड्राइव्हमधे गाणी घेतली आणि गाव गाठलं. स्नेहल पाटावर बसली. माज्याच स्पीकरमधनं वेणूचा आवाज आला, पोरगी रडली, बाया रडल्या. मी पण.

मंग चौथा धवला लागला.

"मांडवाच्या दारी उभा विश्वजीत, पाटावर बसली काशीरामाची लेक."

बायांनी माना डोलावल्या. धवल्यात नावं असतातच. कोणाला काय वाटलं नाय.

विश्वजीत माजा जावई. त्याचं स्थळ गेल्या दिवाळीनंतर आलं. वेणूनं त्याचं नाव ऐकलेलं नाय.

आणि माजं नाव. थांबली नाय, अडली नाय. दुसऱ्या कोणाचं घ्यावं तसं घेतलं.

हृतिक बोलला, मामा, तुज्या कानाचा भास. मी बोललो, तुज्या डबड्याचा भास. तवापासनं वायर काढून ठेवलीय. स्क्रीनचीपण. कीबोर्ड पुसून ठेवला होता, दोनदा.

आज सकाळी शटर मी स्वतः उघडलं. आज घरात लग्न नाय, गावात हळद नाय. तरी त्याच सात बटनांवर हळद, परत माजंच नाव.

तुमाला येतं ना हे? मंग वायर लावा आणि तेवढा पासवर्ड बदलून द्या. माजं नाव सोडून काय पण टाका, मला सांगू नका. फक्त ती अक्षरं मोठ्यानं वाचू नका. आणि आधी हा रुमाल घ्या, हळद अजून ओली हाय.