कुऱ्हाड आणि आवतन

रंगूबाईंच्या मोटरीत मागच्या बाकाखाली कुऱ्हाड असायचीच. गोणपाटात गुंडाळलेली, दांड्याला तेल पाजलेलं, पात्याला धार लावलेली. आसेगावात तेव्हा मोटर ती एवढीच, आणि तीही अकोल्याच्या एका वकिलानं वापरून टाकलेली. मोटर दारात आली त्याच दिवशी रंगूबाईंनी तिला कुंकू लावलं, बाजूला कुऱ्हाड ठेवून तिलाही लावलं आणि सांगून टाकलं, "वकिलाची मोटर सडकेनं चालत होती. आपली गाडवाटेनं चालणार. तिले हे लागंल."

लेकाला, जगदेवला, याची लाज वाटायची. तो नागपूरला चार इयत्ता जास्त शिकून आलेला.

"माय, केनवडच्या गुलाबरावाच्या मोटरीत थर्मास असते. अन् आपल्या मोटरीत कुऱ्हाड. लोक हासतात."

"हासू दे न. मागच्या पावसाळ्यात गुलाबराव नाल्याच्या चिखलात बसला होता, तवा थर्मासानं निंघाला का? आपलीच कुऱ्हाड गेली. पळसाच्या फांद्या तोडून चाकाखाली टाकल्या, तवा तुहा गुलाबराव घरी जेवाले पोचला."

यावर जगदेव पाय आपटत आत जायचा. ड्रायव्हर हेमसिंग मात्र तोंड फिरवून हसायचा. तो तांड्यावरचा माणूस. कुऱ्हाडीशिवाय रानात जायचं म्हणजे त्याला उघडं फिरल्यासारखं वाटे.

चैत्रातली गोष्ट. रंगूबाईंची लेक रुख्मिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या संध्याकाळी कळा सुरू झाल्या आणि सकाळ झाली तरी सुटका होईना. ऊन अंगणात आलं तशी सीताबाई सुईण हात पुसत बाहेर आली. तिनं अख्ख्या गावाची पोरं काढली होती. आज तिची नजर खाली होती.

"पाटलीणबाई, लेकरू आडवं हाय. लय फिरवून पाह्यलं. माह्या हातचं नाही हे."

बबनराव पाटील घरधनी. ते ओसरीवर नुसतेच उभे राहिले. रंगूबाई उभ्या राहिल्या नाहीत.

"दुपारची गाडी जऊळक्याले सापडते. अकोल्याच्या दवाखान्यात नेऊ. जगदेव, मोटर काढ. धनी, तुमी तिथंच उभे राहा, पण दारातून सरका."

घाईत सगळं झालं. तरी सवाष्ण लेक उंबरा ओलांडते म्हणून रंगूबाईंनी तिची ओटी भरलीच: तांदूळ, सुपारी, खोबऱ्याची वाटी. मग तिला मागच्या बाकावर आडवी घातली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. जगदेव हेमसिंगजवळ पुढं बसला आणि मोटर निघाली.

गाव सुटलं, काळी वावरं सुटली, नाला ओलांडला. पुढं दोन्ही बाजूंनी रान. सागाची पानं गळून गेलेली, नुसते सोट उभे. ऊन थेट खाली येत होतं आणि चाकाखाली पाचोळा पापडासारखा मोडत होता. रुख्मिणी प्रत्येक खड्ड्याला आईचा हात आवळायची.

एका वळणावर हेमसिंगनं मोटर थांबवली.

वाटेवर मोहाचं झाड आडवं पडलेलं होतं. मोठं, जुनं, फुलांनी लगडलेलं. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोल नाला. वळसा घालायला जागा नव्हती.

"वारा तर नोयता," हेमसिंग म्हणाला.

"वाऱ्याचं काय घेऊन बसला? फांद्या तोड, शेंड्याकडून मोटर निंघते," जगदेव बोलला. मग जरा थांबून, "कुऱ्हाड आण," म्हणाला. आईकडे त्यानं पाहिलं नाही. एरवी रंगूबाईंनी हा मोका सोडला नसता. आज सोडला.

हेमसिंग डावखुरा. त्याचा घाव उलट्या अंगानं पडायचा. पहिला घाव पडला आणि रुख्मिणी किंचाळली.

कळ आली, रंगूबाईंना वाटलं.

दुसरा घाव. पुन्हा किंकाळी. हेमसिंग हाताला थुंकी लावायला थांबला, तेवढा वेळ रुख्मिणी शांत. तिसरा घाव, आणि तिनं स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला. तीन फांद्या तुटेपर्यंत हेच चाललं. पोटावर हात ठेवला तर पोट पाट्यासारखं टणक. ही किंकाळी कळांची की घावांची, रंगूबाईंना ठरवता येईना.

मोटर शेंड्याखालून खरवडत निघाली. जाताना रंगूबाईंची नजर बुडाकडे गेली. मुळं नव्हती. तुटलेला खुंटही नव्हता, उपटल्याचा खड्डाही नव्हता. बूड सालीत गुंडाळलेलं होतं, जसे झोपलेल्या माणसाचे पाय चादरीत असतात. आणि खाली पडलेल्या मोहफुलांवर एक मुंगीसुद्धा नव्हती.

कोसभर गेले असतील.

पुढच्या वळणावर मोहाचं झाड आडवं होतं.

हेमसिंगनं इंजिन बंद केलं. रानात एक पाखरू बोलत नव्हतं. झाडाच्या शेंड्याकडे तीन फांद्या तोडलेल्या, घाव ओले, चीक गळत असलेला. सगळे घाव डावखुऱ्याचे. हेमसिंगनं आपला डावा हात वर करून पाहिला, मग पाठीमागं लपवला.

"दुसरं झाड हाय," जगदेव म्हणाला. "रानात मोहं काय कमी हायेत?"

"मी नाही हात लावत, साहेब."

"दे इकडं."

जगदेवनं कुऱ्हाड हिसकावली आणि घाव घातला. मोटरीत रुख्मिणीचं अंग कमानीसारखं उचललं गेलं. त्यानं पुन्हा कुऱ्हाड उगारली आणि वरच्या वर दांडा कोणीतरी धरला. मागं आई उभी होती.

"घाव कोणाले लागून राह्यला, पाह्य तरी."

"माय, गाडी चुकंल!"

"चुकली तं चुकली. अक्कल चुकली तिचं काय? आवतन देल्लं होतं का याले?"

जगदेवनं कुऱ्हाड खाली घेतली.

त्यांच्या घरात नांगरासाठी बाभूळ तोडायची असली तरी आदल्या संध्याकाळी कोणीतरी जाऊन यायचं. बुडाशी तांदूळ-सुपारी ठेवायची आणि झाडाला सांगायचं, उद्या आमच्या कामाला ये. न सांगता आजवर कोणी झाडाला लोखंड लावलं नव्हतं. आज घाईत सगळे विसरले, आणि सगळ्यांत आधी रंगूबाई स्वतः. हे त्यांना फार झोंबलं.

त्यांनी लेकीच्या ओटीतले तांदूळ आणि सुपारी घेतली, कमरेच्या पिशवीतला करंडा काढला. कुऱ्हाड जमिनीवर ठेवली, पातं आपल्या पायाकडे करून. बुडाशी कुंकू लावलं. मग पदर खोचला.

"हे पाह्य," त्या झाडाला म्हणाल्या, आवाज घरच्या माणसावर चढवतात तसा. "चूक आमची. ते कबूल. पण तूही काही कमी नाही. भांडायचं तं माह्याशी भांड, मी भांडाले बसलीच हाय. पोटातल्या लेकरासंग कोण भांडते? लाज वाटू दे. आता आवतन आयक. बारशाले ये. आसेगाव, बबनराव पाटलाचं घर, कोणीही दाखवंल. पंगतीत पयला पाट तुहा. पान मी सोता वाढीन. पण तवा, जवा माही लेक अन् तिचं लेकरू दोघंही घरी असतील. नसतील, तं तुले कोण जेवू घालंल? ऊठ आता. वाट सोड."

त्या परत येऊन मोटरीत बसल्या.

"तोंडं फिरवा. पाहुणा उठते तवा टक लावून पाहू नये."

तिघांनी तोंडं फिरवली. हेमसिंगनं डोळेही मिटले.

मोहाचा वास आला. इतका, की जिभेवर गोड लागला.

मोटर किंचित हलली. वारा नव्हता.

"माय व," रुख्मिणी म्हणाली.

रंगूबाईंच्या हाताखाली पोट सरकलं. हळूच, झोपेत कूस बदलावी तसं.

"माय व, फिरलं."

समोर वाट मोकळी होती. फरफटीची खूण नाही, पान नाही, फूल नाही. तांदूळ होते तिथंच होते. सुपारी नव्हती.

"आता हाक," रंगूबाई म्हणाल्या. "का तुलेही आवतन द्यू?"

जऊळक्याच्या ठेसनावर गाडी यायला अवकाश होता, पण रुख्मिणीला नव्हता. मुसाफिरखान्यात दोन लुगड्यांचा आडोसा केला. ठेसनमास्तरच्या बायकोनं पाणी तापवून आणलं. गाडीची शिट्टी लांब ऐकू आली आणि इकडं पोरगी रडली. डोक्याकडून आलेली, सरळ, धडधाकट, आजीचा गळा घेऊन.

गाडी थांबली. ठेसनमास्तरशी बोलून गार्डनं विचारलं, अकोल्याला जाणारी बाई कुठं आहे?

"नाही येत म्हना. जा तुमी," रंगूबाईंनी हात हलवला. पुरी आगगाडी त्यांनी अशी रिकामी परत लावली, आणि ही गोष्ट पुढं त्या न विचारताही सांगत.

बारशाला अर्धं आसेगाव जेवायला होतं. पंगतीच्या तोंडाशी रंगूबाईंनी एक पाट मांडून घेतला, रांगोळी काढली, स्वतः पान वाढलं, तांब्या भरून ठेवला.

"हा कोणाचा?" बबनरावांनी विचारलं.

"येणाऱ्याचा."

सगळे जेवले. त्या पाटावर कोणी बसलं नाही. पुरण, वरण, भात वाढलं होतं तसं राहिलं. कोणी हसलंही मागून. जगदेव मात्र हसला नाही. तो पंगतीभर त्या बाजूला पाठ करून वाढत होता.

पाणी वाढणारी गोजराबाई, रंगूबाईंची जाऊ, त्या पानाशी थबकली.

"जाऊबाई, हा तांब्या मी आत्ताच भरला होता व."

तांब्या कोरडा होता. पाटाखालची जमीनही कोरडी होती. रंगूबाईंनी बाळाला छातीशी नीट घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि ताठ मानेनं म्हणाल्या, "मंग पुन्हा भर."

गोजराबाईनं भरला. शेजारच्या पानाला पाणी वाढून ती वळली, तेवढ्यात त्यातलं पाणी तळाला गेलं. अन्नाला कोणी हात लावला नव्हता.

"सावकाश होऊ द्या," रंगूबाई रिकाम्या पाटाकडे पाहून म्हणाल्या, यजमानिणीच्या मोठ्या आवाजात. मग जावेला हळूच, "पाहतं काय तोंडाकडं? घागर आण."

पंगत उठली तेव्हा घरातलं सगळं पाणी संपलं होतं, आणि बाया विहिरीवर गेल्या होत्या.