स्वयंपाकघराचं चित्र

दिवे गेलेच आहेत, तर ऐका. थर्मास इकडे सरकवा आणि मध्ये बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. माझा भाचा विल्मार, पायसांदूच्या बसथांब्यामागे ज्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्यावर गुदरलेली आहे. त्याने ती मला दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा सांगायला तो तयार नाही.

गेल्या ऑगस्टात त्याच्या दुकानात एलिदाबाई आल्या, मानाने सगळे 'दोन्या' म्हणतात त्या, नदीकाठच्या गल्लीतल्या शिवणवाल्या. हातात बिस्किटांचा डबा, डब्यात दोन जुन्या सीडी. त्यांच्या मुलाने, हेबेरने, एकट्याने बनवलेला खेळ होता तो. पडद्यावर एक चित्र यायचं, चित्रातल्या दारावर टिचकी मारली की पुढचं चित्र. हेबेरने त्यात स्वतःचं घरच उभं केलं होतं.

"दोन्या, हा खेळ म्हातारा झालाय," विल्मार म्हणाला. "नव्या मशीनवर उठायचा नाही."

"म्हातारी मीही झालेय, पोरा. हाक मारली की उठते की नाही?" मग त्यांचा आवाज खाली आला. "उन्हाळ्यापर्यंत डोळे जातील म्हणतो डॉक्टर. त्याआधी एकदा त्याच्या घरातून हिंडायचंय मला."

नाही म्हणायला विल्मारची जीभ रेटेना. तो कामाला लागला. आधी खेळ इतका सुसाट पळाला की दार उघडलेलं दिसेपर्यंत बंदही व्हायचं. मग त्याने नव्या मशीनच्या पोटात जुन्या मशीनचं सोंग उभं केलं आणि त्याला लगाम घातला. रुंद पडद्यावर चित्रं फुगत होती, ती दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडून जागेवर आणली.

एक ध्यानात ठेवा. असा खेळ स्वतः काहीही काढत नाही. चित्रं आधीच तयार करून ठेवलेली असतात, तो ती फक्त दाखवतो. त्या काळी एक चित्र तयार व्हायला मशीन दिवसरात्र चालू ठेवावं लागे, आणि हेबेर प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मिरवल्यासारखा वेळ लिहायचा. 'एकोणीस तास.' 'एकतीस तास.'

तीस ऑगस्टच्या रात्री, ऐन सांता रोसाच्या वादळात, त्या संतिणीच्या सणाला दरवर्षी येतं त्यात, विल्मार दुकानातलं बिनबॅटरीचं मशीन, पडद्यासकट, घेऊन त्यांच्या घरी गेला. पाऊस म्हटल्यावर दोन्यांनी तोर्ता फ्रिता, पावसातल्या त्या पिठाच्या पुऱ्या, तळायला घेतल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने मशीन मांडलं. दोन्या पडद्याला नाक लावून बसल्या. फाटक. व्हरांडा. हेबेरची खोली.

"ही बघ, माझी जुनी चादर! पठ्ठ्याने ठिगळसुद्धा सोडलं नाही." त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या.

मग स्वयंपाकघराचं दार आलं. विल्मारने टिचकी मारली. पडदा काळा झाला.

"एवढं एकच चित्र सीडीवर नाही, दोन्या."

"ठाऊक आहे." त्यांनी काळ्या पडद्यावर बोट टेकवलं. "तेच तयार होत होतं त्या रात्री. सांता रोसाच होती. वीज कडाडली आणि मी मशीनचा प्लग ओढला. आपण सगळेच ओढतो ना रे? दोन दिवसांचं काम गेलं त्याचं. गरम तोर्ता समोर होत्या, तशाच टाकून, चामड्याचं जाकीट चढवून मोटरसायकलवर निघून गेला... ओढ्याला पूर होता, परत आलाच नाही. माफी मागायची राहिली माझी."

तेवढ्यात बाहेर वीज पडली. खिडकीच्या काचा थरथरल्या. विल्मार सवयीने खाली वाकला.

"नको! या वेळी नको..."

हातानं ऐकलं नाही. प्लग निघाला. त्याच क्षणी घरातला दिवाही गेला.

पडदा चालूच होता.

विल्मारच्या मुठीत प्लग. पडद्यावर, सर्वात वर, एक बारीक रेघ उमटली. मग तिच्याखाली दुसरी...

चित्र तयार होत होतं.

छत आलं. तारेला टांगलेला दिवा. कपाट. रेघ हळूहळू खाली सरकत होती. पिकलेले केस... खुर्चीत पाठमोरी बाई. टेबल. ताटलीतून निघणारी वाफ. आणि खाली, जमिनीवर वाकलेला माणूस.

त्याच्या मुठीत प्लग होता.

हसू नकोस रे. विल्मारही आधी हसायलाच गेला होता... मग त्याच्या ध्यानात आलं. चित्र मागच्या दारातून पाहिलेलं होतं. कुणीतरी त्या दारात उभं होतं...

ओल्या चामड्याचा वास आला.

विल्मारने मागे पाहिलं नाही. दोन्यांनी पाहिलं. सावकाश खुर्ची फिरवली आणि पाहिलं.

"चुकलं माझं, बाळा," त्या म्हणाल्या.

नुसता पाऊस.

"ये. बैस. गरम आहेत अजून."

...

दिवे आले तेव्हा पडदा काळा होता. दारात कुणी नव्हतं. दोन्या शांत बसल्या होत्या. काय पाहिलंत, असं विल्मारने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आता त्यांना दिसत नाही, पण तक्रारही नाही. पाऊस लागला की दोन ताटल्या मांडतात म्हणे.

सकाळी दुकानात विल्मारने ते मशीन उघडून पाहिलं. खेळाच्या चित्रांत एक चित्र जास्त होतं. स्वयंपाकघराचं, पूर्ण. खालच्या कोपऱ्यात नेहमीसारखाच वेळ लिहिलेला होता.

'सव्वीस वर्षं.'