दहापैकी दहा

"आठवी हाक," डॉ. अच्युत रांगणेकर पुटपुटले आणि काचेपलीकडे ओरडले, "शाल्मली!"

प्रयोगशाळेच्या खुर्चीत बसलेली त्यांची बावीस वर्षांची लेक ढिम्म हलली नाही. मान खाली, हातात पेन्सिल, समोर आलेखकागद, त्यावर रेघोट्या. लहानपणापासून हेच. दहा हाकांत दोनदा वळली तरी नशीब! बायको गेल्यापासून घरात बोलणारे ते एकटेच. भिंतीशी बोलावं तसं माणसानं किती वर्षं बोलायचं?

"अच्युत, पुन्हा एकदा विचार कर," डॉ. फरीदा मुकादम म्हणाल्या. अवधान संशोधन केंद्रात दोघं पंचवीस वर्षं एकाच टेबलावर भांडत आली होती. "अवधान सगळ्यांचं सारखंच असतं. तुझं-माझं चाळीस पाटांनी पाझरतं, हिचं एकाच पाटानं धो धो वाहतं. तुझं हे नवं यंत्र, अवधान-विसारक, ते चाळीस पाटांत सोडेल. पण पाणी वाढणार नाही. आणि एकदा बांध फोडला की ते पुन्हा एका पाटात येणार नाही."

"म्हणजे रेघोट्यांना कमी मिळेल, एवढंच ना? मिळू दे! त्यांनी माझं काय भलं केलंय?"

"तो पाट जातो कुठं, ते पाहिलंस?"

"रुंदी मोजलीय. पुरे झालं." घसा बसला होता, ते खाकरले.

संमतीपत्र समोर ठेवलं तेव्हा शाल्मलीनं ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "बाबांना हवंय?" आणि तिनं सही केली.

तीन आठवड्यांत हाकचाचणीत दहापैकी दहा! नाव घेतलं की "काय बाबा?" म्हणून हसून वळायची. रांगणेकरांनी केंद्रभर पेढे वाटले. आता तिला शेजारणीची नवी साडी दिसे, कुंडीतली मुंगी दिसे, रस्त्यावरचा भोंगा ऐकू येई. आलेखकागदाला तिनं पुन्हा हात लावला नाही.

आठ महिन्यांनी, एका रविवारी, आलेखकागदांचे जुने गठ्ठे रद्दीत घालायला म्हणून रांगणेकरांनी तिचं कपाट उघडलं.

प्रत्येक कागदावर तारीख होती. खाली वाकड्यातिकड्या रेघा, आणि कडेला बारीक अक्षर. "तिसरी हाक. बाबा चिडलेत. शेवटचा स्वर काल इतका पडला नव्हता." दुसऱ्या कागदावर, "आईचं वर्षश्राद्ध. एकच हाक, तीही अर्धी."

चाचण्यांची ध्वनिमुद्रणं घरच्या संगणकावरही जपलेली होती. त्यांनी स्वतःच्या हाकांचे आलेख त्यावर काढले आणि कागदाशेजारी धरले. रेघेला रेघ तंतोतंत जुळली. चौदा वर्षांच्या चाचण्यांतली प्रत्येक हाक! पोरगी वळत नव्हती, कारण ती ऐकत होती. सगळाच्या सगळा पाट त्यांच्याच दाराशी येत होता, आणि त्यांनी पठ्ठ्यानं फक्त रुंदी मोजली होती.

शेवटचा कागद विसारक लावला त्याच्या आदल्या दिवसाचा. "स्वराला चीर पडतेय. चार महिने रोज वाढतेय. हे वय नाही, आजार आहे. बाबांना सांगायचंय. शब्द जुळवतेय."

त्यांचा हात गळ्याशी गेला. वर्षभर ते ज्येष्ठमध चघळत होते.

"शाल्मली!" आवाज मधेच फाटला.

ती लगेच वळली. "काय बाबा?"

"माझा आवाज ऐक. नीट ऐक. काय कळतंय तुला?"

तिनं अगदी मनापासून ऐकलं. "छान आहे की! थोडं कोमट पाणी प्या. अगंबाई, बेल वाजली वाटतं!"

आणि तितक्याच मनापासून ती दार उघडायला गेली.