दोन पदरांमधली जागा

नागावात डॉक्टर दोन. एक माणसांचे, आणि दुसरी गुरांची, प्राप्ती. बरी झालेली माणसं डॉक्टरला विसरतात, गुरांचे मालक मात्र शहाळी आणून देतात. म्हणून प्राप्तीचं झकास चाललंय, असं गाव म्हणे. तिच्या नवऱ्याला, निकेतला, जाऊन वर्ष झालं होतं. तो तिला रोज हवा होता, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्या सकाळी धर्माच्या वाडीत गाईचं पोट अडलं होतं. आतड्याला पीळ पडला असावा. गाय सुपारीच्या झाडाला बांधून, उजवी कूस बधिर करून प्राप्तीने चीर दिली आणि हात आत घातला.

रवंथ करणाऱ्या जनावराची आतडी चरबीच्या जाळीदार पडद्यात, झोळीत ठेवल्यासारखी असतात. पडदा दुपदरी, पदरांमध्ये नुसती ओली, उबदार जागा. पोटात कुठे जखम झाली की हा पडदा तिथे जाऊन चिकटतो. घरच्या माणसांनाही एवढं कळत नाही.

झोळी सारताना एक पदर फाटला आणि तिचा हात त्या जागेत शिरला.

तिथे कुणीतरी तिची करंगळी धरली.

निकेत तशीच धरायचा. बाजारात हात धरायची त्याला लाज वाटे, म्हणून नुसती करंगळी.

"काय गावलं का, डॉक्टरबाय?" धर्माने विचारलं.

"थांबा जरा."

पकड सुटली तेव्हा तिला रडू फुटलं. पीळ निघाला, गाय वाचली. पडद्यात स्नायू नसतात, तो काही धरू शकत नाही, हे ती परीक्षेत लिहून आली होती. घरी जाताना तिने ते स्वतःला पुन्हा पुन्हा समजावलं.

पुढे रेवदंड्याच्या म्हशीतही तेच झालं. या वेळी पकड जास्त वेळ टिकली. मग फोन वाजला की तिचा जीव सुपाएवढा होई. कुणाच्या तरी जनावराचं पोट अडावं असं तिला वाटू लागलं. त्याची लाज वाटे, तरी वाटेच.

पावसाळाभर एकही फोन आला नाही.

शेवटी ती चौलला कृष्णाबाईच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली.

"ये गो बाय. पन मी तुला बोलावलं न्हाय. गाय धडधाकट हाय. आताच पेंड खाल्लीय."

"बघावं लागेल," प्राप्ती म्हणाली. पिशवीतून तिने बधिर करायची सुई काढली, हातमोजे काढलेच नाहीत.

कृष्णाबाई दावं धरायला पुढे झाली.

गरज पडली नाही. गाय आपणहून वळली आणि उजवी कूस प्राप्तीकडे करून उभी राहिली.