केसभर जागा

मापाचा कडक संच घ्यायचा की ढिला, हे ठरवायला बंदुकांच्या मिस्त्रीला एरवी पळभरही लागायचं नाही. त्या दुपारी मात्र तो उघड्या खणापुढे नुसताच उभा राहिला. टेबलापलीकडे ती बाई उभी होती ना!

बाई वनरक्षकाची बायको. दीड महिन्यापूर्वी गोळी झाडताना काडतूस मागच्या बाजूने फुटलं आणि नवरा जागच्या जागी गेला. काडतुसावर खापर फोडून चौकशीचे कागद मिटले. आज तीच रायफल तिने चादरीत गुंडाळून आणली होती. लाकडी दस्ता चिरफाळला होता, पण नळी आणि ती मागून बंद करणारा बोल्ट शाबूत होते.

"तुम्हीच पास केली होती ना?"

"हो. पण फुटलेल्या बंदुकीचं माप आता काय खरं?"

"तुम्ही मापा. मी बघते."

"बसा तरी."

"बसायला आले नाही मी."

कोपऱ्यातल्या मशीनवर मिस्त्रीची थोरली बहीण काम करत होती. वडिलांनी दोघांनाही हाच धंदा शिकवला होता. भावाच्या हातात सफाई होती, पण ताईच्या मापातून मुंगीसुद्धा सुटत नसे. दोघांमध्ये कामापुरतंच बोलणं उरलं होतं. तिने मशीन बंद केली आणि मान न वळवता म्हणाली, "कडक संच घे."

खणात दोन संच होते. प्रत्येकात काडतुसाच्या आकाराचे तीन पोलादी गेज. काडतुसामागे किती मोकळी जागा राहते ते त्यांवरून कळतं; ती जास्त झाली की काडतूस मागून फुटतं. 'गो'वर बोल्ट मिटला पाहिजे, 'नो-गो'वर मिटता कामा नये, आणि सगळ्यांत लांब 'फील्ड'वर मिटला तर रायफल कायमची बाद. लष्करी मापाचा संच ढिला होता, केसभर जास्त सूट देणारा. गेल्या खेपेला वनरक्षक घाईत होता आणि मिस्त्रीही. कडक नो-गोवर बोल्ट मिटतोय असं दिसल्यावर त्याने मुकाट्याने ढिला काढला होता. आजही त्याचा हात तिकडेच गेला.

बोल्टमधली स्प्रिंग आणि पिन त्याने काढून ठेवली. ढिला नो-गो चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागी, सरकवला आणि दोन बोटांनी बोल्टची मूठ दाबली. ती अर्ध्यावर अडली.

"बघा. मिटत नाही. म्हणजे ठीक आहे."

"परत."

त्याने परत दाबली. मूठ सरळ खाली गेली. कुठे घासली नाही, अडली नाही. आतून कोणी हळूच ओढून घ्यावी तशी मिटली.

मिस्त्रीने घाईने नो-गो काढला. फील्ड घातला. मिटला.

"बाजूला हो," ताई म्हणाली. तिने चेंबर पुसलं, तिन्ही गेज मायक्रोमीटरवर मोजले. मापं बरोबर होती. मग तिने स्वतः नो-गो घालून मूठ दाबली. अर्ध्यावर अडली. तीनदा दाबली, तीनदा अडली.

"तू जोर लावतोयस."

"दोन बोटं आहेत, ताई. तूच बघ ना!"

तिच्या नाकासमोर त्याने दाबली. मिटली.

आता मात्र तो चिडला. फील्ड गेजच्या बुडाला पातळ चिकटपट्टीचा तुकडा लावला. असा एकेक थर वाढवला की नक्की किती जागा आहे ते कळतं. एक थर, मिटली. तीन थर, मिटली. सहा. दहा. एवढी पोकळी त्या पोलादात मावणंच शक्य नव्हतं. बोल्टची मूठ तापली होती. बंदुकीच्या जळक्या दारूचा ताजा वास त्याच्या घशात उतरला.

"वास येतोय?"

"कसला?" ताईने विचारलं.

बाई रायफलकडे बघतच नव्हती. मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत होती.

मागच्या रॅकवर एक कोरी रायफल होती, एकदाही न झाडलेली. त्याने ती खाली ओढली. बोल्टमधली स्प्रिंग आणि पिन काढली. कडक नो-गो घातला.

मिटली.

ताईच्या हातात अडली.

त्याच्या हातात मिटली.

"मी ढिल्याने तपासली होती," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "कडक संचावर नापास होती. मला माहीत होतं."

ताईने डोळे मिटून घेतले. बाई एवढंच म्हणाली, "लिहून द्या."

त्याने लिहून दिलं, सही केली. बाईने कागदाची घडी घातली. आता तरी सुटलो, असं वाटून त्याने कोऱ्या रायफलीची मूठ पुन्हा दाबली.

मिटली.

"आमची रायफल राहू द्या इथेच," दारातून बाई म्हणाली. "आता तुमची सवय झालीय तिला."

मिस्त्रीचा परवाना गेला. मापाचं सगळं काम ताई बघू लागली, तो दस्ते घासू लागला. ती रायफल ताईने कापून भंगारात घातली. वर्षभरात त्या दुपारचा विषय दोघांनी एकदाही काढला नाही. उलट ताई आता त्याच्याशी थोडं मायेने बोलायची, आणि तेच त्याला जास्त टोचायचं.

पुढे जवळचं दिसेना, म्हणून तो चष्मेवाल्याकडे गेला. चष्मेवाला बोलघेवडा. चौकट नाकावर बसवून त्याने मोजपट्टी धरली, भुवई उंचावली.

"काका, उजवा डोळा डाव्यापेक्षा किंचित आत आहे तुमचा. केसभरच. जन्मापासून का?"

"नाही."

"असो. उजव्या बाजूला एक पातळ पट्टी लावतो, काच बरोबर बसेल."

महिन्याने काच पुन्हा लांब वाटू लागली. चष्मेवाल्याने दुसरी पट्टी लावली.

परवा सहावी लावली. या वेळी काही जळतंय का, म्हणून त्याने आधी दुकानभर हुंगून पाहिलं. पट्टी चिकटवताना त्याने मिस्त्रीच्या तोंडापासून स्वतःचं तोंड जरा लांब धरलं, आणि नाकाला रुमाल लावला.